तिसरा रकाना

मी आयुष्यातली पहिली मजुरी मिळवली ती माशीचं काम करून.

१९७५ची दिवाळीची सुट्टी. मामाचं गाव अमळनेर तालुक्यात. तिथल्या एका बागायतदाराने संकरित कापसाच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता आणि गावातल्या बायका-पोरी तिथे ‘क्रॉसिंग’ला जायच्या. तेराव्या वर्षी मीही गेले. दुपार कलली की उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. कळी डाव्या हातात धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखाने बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी उपसून काढायची. आतल्या स्त्रीकेसराला मात्र नख लागता कामा नये. मग त्यावर लाल कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नरओळीतली फुलं तोडून आणायची, पिशवी काढायची, नरफूल त्या उघड्या केसरावर हलकेच फिरवायचं आणि देठाला दोरा बांधून पुढे सरकायचं. एका नरफुलात चार-पाच मादीफुलं उरकायची. रोज दोन रुपये. आठवडाभरात अंगठ्याचं नख हिरवं-काळं झालं.

एका सकाळी माझ्या ओळीत एक मधमाशी आली. अंगभर पिवळे कण माखलेली ती या फुलातून त्या फुलात शिरत होती. मी थांबून पाहत राहिले, तर मागून मुकादमबाई ओरडली, “हाकल तिले, बी बिघाडी टाकी!”

तिचं बरोबर होतं. त्या प्लॉटमध्ये कुठल्या फुलावर कुठला पराग पडायचा हे माणसाने ठरवलेलं होतं. माशीने भलताच पराग आणून टाकला असता. मी पदराने, म्हणजे ओढणीने, तिला हाकललं. जे काम करण्याचे मला दोन रुपये मिळत होते, तेच काम ती फुकट करत होती, आणि तिथे ती कीड ठरली होती. हे तेव्हा मला उमगलं नाही. उमगायला तीसेक वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी पगारी कीटकशास्त्रज्ञ होते.

आमचं घर सुरतेत, उधन्याला. खानदेशातली निम्मी माणसं भुसावळ-सुरत पॅसेंजरने जिथे उतरली, तिथेच माझे वडीलही उतरले होते. ते लूमच्या खात्यात कामाला. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती. वर्गातल्या मुली बारावीनंतर साडीवर टिकल्या लावायच्या कामाला लागल्या. मी नवसारीच्या कृषी महाविद्यालयात गेले, कारण तिथे वसतिगृह होतं आणि एका शिक्षकांनी माझ्या वडिलांना घरी येऊन समजावलं होतं.

दुसऱ्या वर्षाला आमची सहल सुरतेच्या अठवा फार्मवर, मुख्य कापूस संशोधन केंद्रात गेली. ज्या शहरात मी वाढले तिथलंच हे शेत मी पहिल्यांदा पाहत होते. तिथे कळलं की जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘संकर-४’, याच मातीत तयार झाला. डॉ. सी. टी. पटेल यांनी तो १९७०मध्ये दिला. मातृवाण गुजरात-६७, पितृवाण ‘अमेरिकन नेक्टरीलेस’. म्हणजे माझ्या नखातला हिरवा डाग सुरतेहूनच अमळनेरला आला होता.

‘नेक्टरीलेस’ या शब्दापाशी आमचे सर थांबले. कापसाच्या पानाच्या मागे, शिरेवर एक बारीकशी मधुग्रंथी असते, फुलाच्या बाहेरही असतात. त्यांतून गोड रस पाझरतो. या वाणाला त्या बाहेरच्या ग्रंथी नव्हत्या. सरांनी विचारलं, “ग्रंथी नसल्या तर फायदा कुणाचा?” आम्ही एका सुरात म्हटलं, शेतकऱ्याचा; रस नाही म्हणजे बोंडअळीच्या पतंगांना खाऊ नाही. सर म्हणाले, “आणि मुंग्यांना? परजीवी गांधिलमाश्यांना? त्या कशावर जगतील?” कुणीच बोललं नाही. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, परीक्षेतही तो प्रश्न आला नाही. माझ्या सगळ्या शिक्षणात त्याच्याइतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी तोही विसरले.

१९८६मध्ये कृषी विद्यापीठात नोकरी लागली. पद साधं, काम त्याहून साधं : मोजणं. कापसाच्या शेतात कर्णरेषेत चालायचं, वीस झाडं निवडायची, प्रत्येक झाडाची तीन पानं उलटी करायची – वरचं, मधलं, खालचं – आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी वेगवेगळे मोजायचे. पान उलटताना हात हलला तर पांढरी माशी उडते आणि आकडा खोटा होतो. म्हणून श्वास रोखून पान वळवायची सवय लागते. आजही मी कुणाच्या घरी तुळशीचं पान पाहिलं तरी श्वास रोखते.

नोंदवहीला दोन रकाने असत. डाव्या बाजूला ‘कीड’. उजव्या बाजूला ‘मित्रकीटक’ : ढालकिडे, क्रायसोपा, कोळी. डावीकडचा आकडा उजवीकडच्यापेक्षा किती वाढला आणि आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचला का, यावर फवारणीचा सल्ला ठरायचा. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही आमच्या शास्त्रातली मला सर्वांत सुसंस्कृत वाटणारी कल्पना. शेतात किडा दिसला म्हणून मारू नका. तो जेवढं खाईल त्यापेक्षा त्याला मारण्याचा खर्च जास्त असेल तर त्याला खाऊ द्या, असं ती सांगते. पानामागे एखादा तुडतुडा असेल तर तो नुसता कीटक. दोन-तीन झाले की कीड. ‘कीटक’ हे प्राण्याचं नाव आहे आणि ‘कीड’ हा आपण दिलेला निकाल. एवढा एक भेद विद्यार्थ्याला नीट कळला तर निम्मा अभ्यासक्रम संपला, असं मी वर्गात सांगत असे.

घरी हे पटवणं अवघड होतं. आई एकदा माझ्याबरोबर शेतावर आली. बांधावर बसून तासभर मला पानं उलटताना पाहिलं आणि म्हणाली, “इतलं शिकीसन किडा मोजस?” तिच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती. मोजण्याचा पगार मिळतो हे तिला कळत होतं. मोजून पुढे काय होतं ते कळत नव्हतं. पुढे काही वर्षांनी मलाही तो प्रश्न पडला.

कारण आमचा सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोचेतो त्याने दोन फवारण्या उरकलेल्या असत. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली होती. सुरुवातीला बोंडअळी पटापट मरायची. मग तीच औषधं पिऊन हिरवी अळी ढिम्म राहायला लागली, आणि मित्रकीटक तेवढे मेल्यामुळे पांढऱ्या माशीचं फावलं. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा पहिली काही वर्षं बोंडअळीवरची फवारणी खरोखर घटली. मी ते माझ्या वहीत पाहिलं आहे. २०१०मध्ये सौराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नसल्याचं बियाणं कंपनीनंच जाहीर केलं. पुढे दोन जनुकांच्या वाणातही ती दिसू लागली, गुलाबासारख्या मिटलेल्या डोमकळ्या पुन्हा हाताला लागू लागल्या. दरवेळी नवं हत्यार, दरवेळी तोच डावा रकाना.

या सगळ्या काळात एक शब्द माझ्या कानाला खुपत राहिला. आपण मराठीत ‘औषध मारलं’ म्हणतो. गुजरातीत ‘दवा छांटी’. विष म्हणत नाही कुणी. दुकानदार औषध देतो, शेतकरी औषध मारतो, आणि ज्या घरात कर्जाने गळा आवळला तिथला माणूस ‘औषध घेतो’, तेव्हाही शब्द तोच. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा माझ्या वर्गात विदर्भातून आलेला एक मुलगा होता. त्या आठवड्यात कीटकनाशकांचं प्रकरण शिकवायचं होतं. मी फळ्यावर ‘औषध’ लिहिलं, पुसलं आणि ‘विष’ लिहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्गात तो शब्द बदलला नाही.

शहरातही तेच. १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीने पळत होती, उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या सोसायटीतल्या लोकांना एवढंच ठाऊक की बाई किड्यांच्या शाळेत आहेत. ते पिसवांवर कुठली पावडर टाकायची ते विचारायला यायचे. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून, माणसाकडून माणसाकडे जातो, पावडरीने तो थांबणार नाही, हे सांगून मी दमले. शेवटी लोकांनी जिन्यावर पांढरी पावडर पसरली आणि त्यांना बरं वाटलं. भीती वाटली की माणसाला काहीतरी शिंपडावंसं वाटतं, हा धडा मी त्या जिन्यावर शिकले.

मग २००६चा ऑगस्ट. उकाई धरणातून पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली. आम्ही अडाजणला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. चार दिवस खाली नुसता चॉकलेटी समुद्र. मी ज्या विभागात तेव्हा काम करत होते, तिथला कीटकसंग्रह तळमजल्यावर होता. वरच्या मजल्यावर हलवा म्हणून मी आधी दोनदा लिहून दिलं होतं. वरच्या मजल्यावर बैठकीची खोली होती. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आत काचेच्या झाकणांखाली चिखलाचा लगदा. वीस वर्षांत टाचणीला लावलेले भुंगे, पतंग, चतुर, सगळं विरघळलेलं. काही पेट्यांमध्ये कीटक वाचले होते, पण टाचणीखालच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या होत्या. कुठे सापडला, कधी, कशावर, हे लिहिलेली चिठ्ठी नसेल तर संग्रहातला कीटक म्हणजे नुसता मेलेला किडा. आम्ही ते घमेल्यांनी भरून बाहेर टाकलं.

वाचल्या त्या माझ्या नोंदवह्या, कारण त्या घरी माळ्यावर होत्या. हिवाळ्यात मी ठरवलं, निदान या वह्यांवरून काय गेलं याची यादी करावी. वीस वर्षांच्या वह्या उलटत गेले. तुडतुड्यांचे हजारो आकडे. ढालकिड्यांचे. कोळ्यांचे. यादी करता करता एका रात्री ध्यानात आलं की वीस वर्षं फुलोऱ्यातल्या कापसात, वांग्यात, पापडीत मी रोज सकाळी उभी होते, आणि माझ्या वह्यांत एकाही मधमाशीची नोंद नव्हती. सुतारी भुंग्याची नव्हती. निळ्या पट्ट्यांच्या माशीची नव्हती. ते तिथे नव्हते असं नाही. मला आठवत होते, डोळ्यांसमोर होते. त्यांच्यासाठी रकाना नव्हता, एवढंच.

त्या रात्री मला अमळनेरची ओळ आठवली. मुकादमबाईने एका माशीला हाकलायला सांगितलं होतं. मी वीस वर्षं सगळ्यांनाच वहीतून हाकललं होतं, आणि तेही कुणी न सांगता.

दुसऱ्या दिवशी नव्या वहीत पट्टी घेऊन तिसऱ्या रकान्याची रेघ मारली.

ही रेघ एकट्या माझ्याच वहीत उशिरा आली असंही नाही. मधमाशीवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९८०-८१पासून चालू आहे. त्याच्या नावात मधमाशीशेजारी ‘परागवाहक’ आले ते बऱ्याच वर्षांनी. मधमाशी म्हणजे मध, पेटी, उद्योग. जी मध देत नाही आणि पेटीत राहत नाही, अशी माशी कुणाच्या खात्यात लिहायची हे ठरायलाच वेळ लागला.

मी वांगं निवडलं. सुरतेच्या आसपास, कामरेज-ओलपाड पट्ट्यात वांग्याचे मळे भरपूर, उंधियूचा हंगाम आला की भाव चढतो. आणि वांग्याचं फूल हे निसर्गाने घातलेलं कोडं आहे. त्याचे पिवळे परागकोश उभे फुटत नाहीत. टोकाला फक्त दोन बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. मधमाशीला ती हलवता येत नाही. सुतारी भुंगा मात्र येतो, परागकोशांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि फूल गुणगुणल्यासारखं वाजतं. पराग त्याच्या पोटावर सांडतो. निळ्या पट्ट्यांची माशीही तेच करते. वाऱ्याने झाड हललं तरी थोडी फळं धरतात, पण अशी थरथर मिळालेल्या फुलांना फळधारणा चांगली होते.

मी आणि माझी एक विद्यार्थिनी पहाटे मळ्यात जाऊन बसायचो. शंभर फुलांमागे दहा मिनिटांत किती भेटी, एवढंच लिहायचं. पहिल्या हंगामात शेतकरी आमच्याकडे पाहून हसायचे. एका मळ्याचे मालक, सत्तरीतले काका, रोज चहा पाठवायचे आणि रोज विचारायचे, “बेन, आज केटला भमरा?” आज किती भुंगे? त्यांच्या मळ्यात आकडा शून्याच्या आसपास असायचा. फुलं भरपूर, गळही भरपूर. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी ते चार-पाच दिवसांआड फवारत होते.

“सकाळीच मारतो, अगदी तुम्ही सांगितलंत तसं,” काका म्हणाले आणि खिशातून घडी पडलेला कागद काढला. शेतकरी मेळाव्यात वाटलेलं आमचं पत्रक. खाली सल्ला होता : ‘सकाळी वारा शांत असताना फवारणी करावी.’ ते वाक्य माझं होतं. वर्षानुवर्षं मी ते लिहिलं होतं, मेळाव्यांत माइकवर सांगितलं होतं. वाऱ्याने विष फवारणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून ते वाक्य योग्यच होतं. पण वांग्याचं फूल सकाळीच उमलतं आणि भुंगाही सकाळीच येतो. मी शेतकऱ्याला वाऱ्यापासून वाचवलं आणि भुंग्याला नेमकं तोटीसमोर उभं केलं. दोन रकान्यांच्या वहीतून निघालेला सल्ला तसाच निघणार.

काकांना मी ते सरळ सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “म्हणजे औषध संध्याकाळी?” मी म्हटलं, संध्याकाळी, वारा पडल्यावर, आणि तेही कामगंध सापळे लावून, पोखरलेले शेंडे खुडून झाल्यावर गरज उरली तर. बांधावरचा वाळका बांबू आणि सुबाभळीचं मेलेलं खोड ते जाळणार होते. ते राहू द्या म्हटलं, सुतारी भुंगा त्यातच घर कोरतो. काकांनी दोन्ही केलं. पुढच्या हंगामात आमच्या तिसऱ्या रकान्यात आकडे उमटू लागले. एका मळ्याच्या भरवशावर शास्त्र उभं राहत नाही, हे मी विद्यार्थिनीला प्रबंधात लिहायला लावलं. पण पत्रकातलं वाक्य मी त्याच वर्षी बदललं.

विद्यापीठातली शेवटची दहा वर्षं मी बरीचशी शहरात घालवली. सुरत वाढत होती. कतारगामची पापडी नावाला उरली, शेतं होती तिथे हिऱ्यांचे कारखाने आले. अठवा फार्मच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. पण शहर वाढलं तशा बागा, दुभाजकांवरची झाडं, सोसायट्यांची हिरवळही वाढली, आणि मला येणाऱ्या तक्रारी बदलल्या. आता फोन करणारा शेतकरी नसे, सोसायटीचा सेक्रेटरी असे.

सप्तपर्णीच्या पानांवर गाठी आल्या आहेत. फायकसच्या कुंपणाची पानं दुमडली. नारळाखाली उभी केलेली गाडी चिकट होते. ही शेवटची तक्रार रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीची. ती भारतात २०१६मध्ये तामिळनाडूतल्या पोल्लाचीला पहिल्यांदा दिसली आणि नारळामागोमाग पसरत गेली. तिच्या चिकट्यावर काजळी चढते, झावळ्या काळ्या पडतात, माणसं घाबरतात. सोसायटीचा माळी पंप पाठीला लावून तयारच असायचा, “बेन, दवा छांटी दउं?” मी नको म्हणायचे. या माशीच्या मागोमाग एन्कार्सिया नावाची तिळापेक्षाही लहान गांधिलमाशीही आलेली होती, पांढऱ्या माशीच्या पिल्लांच्या पोटात अंडी घालणारी. विष मारलं तर आधी ती मरते. झावळ्यांवर पाण्याचा फवारा मारा आणि थांबा, एवढाच माझा सल्ला. फी घेऊन ‘काही करू नका’ सांगणाऱ्या डॉक्टरसारखी माझी स्थिती व्हायची. सेक्रेटरीला पावती लागायची. थांबण्याची पावती मिळत नाही.

गुलाबाची तक्रार मला सगळ्यात आवडायची. “मॅडम, कुणीतरी कात्रीने पानं गोल गोल कापून नेतं.” कापणारी पानकापी माशी असते. ती पानाचा गोल तुकडा पायांत धरून नेते आणि बांबूच्या पोकळीत, भिंतीच्या भोकात त्याच्या गुंडाळ्या करून पिल्लांसाठी खोल्या बांधते. गुलाबाचं काही बिघडत नाही. तुमच्या गच्चीतल्या तुरीला, चवळीला शेंगा धरतात त्यात तिचा हात असतो, असं सांगितलं की बायका हसून फोन ठेवायच्या. पुरुष मात्र विचारायचे, “पण पानं खराब दिसतात ना?”

आणि कण्हेर. हिरवीगार, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली जाड अळी कण्हेरीची आणि तगरीची पानं फस्त करते. बागेत ती कीडच. तिचा पतंग तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत थबकून लांब सोंडेने मध पितो आणि पराग वाहतो. तीच अळी, तोच पतंग. तिला कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्या विद्यार्थ्यांनी खूप वाद घातला. शेवटी एका मुलीने दोन्ही रकान्यांत लिहिलं आणि मध्ये बाण काढला. मी तिला पूर्ण गुण दिले.

कीड न लागणाऱ्या झाडाचीही एक गोष्ट आहे. गुजरातेतल्या शहरांनी कोनोकार्पसची झाडं रांगेने लावली. झटपट वाढतात, बारमाही हिरवी. माझ्याकडे एकदा एक कंत्राटदार अभिमानाने म्हणाला, “मॅडम, या झाडाला कीडच नाही.” मी त्याच्या रांगेत तिन्ही रकाने घेऊन फिरले. तिन्ही जवळजवळ कोरे राहिले. ज्याला कुणी खात नाही त्याच्यावर कुणी जगतही नाही. पुढे आरोग्याच्या आणि मुळांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३च्या सप्टेंबरात गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बंदीची कारणं वेगळी होती, माझ्या वहीचा त्यात काही वाटा नाही. पण त्या कोऱ्या पानांची मला अजून आठवण येते.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणी माझे शोधनिबंध मोजले, कुणी विद्यार्थी मोजले. मला विचाराल तर माझ्या नोकरीची जमा एक रेघ आहे, ती २००६च्या हिवाळ्यात पट्टीने मारली, आणि खर्चाच्या बाजूला त्याआधीची वीस वर्षं. तरुण कीटकशास्त्रज्ञांना मी सांगते, तुमच्या तक्त्यात जे रकाने आहेत तेवढंच तुम्हाला शेतात दिसणार आहे. म्हणून शेतात जाण्याआधी तक्ता तपासा. कुणाला जागा दिलेली नाही, ते पाहा.

आणि ज्यांना तक्ता भरायचा नाही, फक्त दोन कुंड्या किंवा दोन एकर सांभाळायचे आहेत, त्यांना एवढंच सांगणं : बाटलीचं बूच उघडण्याआधी एका सकाळी, आठच्या सुमाराला, फुलासमोर दहा मिनिटं बसा. कोण येतं ते मोजा, कागदावर लिहा. त्यानंतरही फवारायचं ठरलं तर दिवस मावळल्यावर, वारा पडल्यावर फवारा, तोंडाला फडकं बांधा, हात साबणाने धुवा. आणि त्याला औषध म्हणू नका.